यादी खालून वर वाच

पाचपाखाडी, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नेमबाजीसाठी स्वतःचे पॉइंट टू-टू (०.२२ इंची) पिस्तूल घ्यायचे तू अखेर मनावर घेतलेस, याचा मला फार आनंद झाला. क्लबच्या सगळ्या पिस्तुलांना उजव्या हाताच्या ग्रिप, म्हणजे लाकडी मुठी, असताना तुझ्यासारख्या डावखुऱ्याने तिथे नुसते बघत उभे राहायचे, हे काही खरे नव्हते. पिस्तूल हाती आल्यावर त्यात काय काय बदलून घ्यायचे, याची तू पाठवलेली यादी मी लक्षपूर्वक वाचली. तीत नळीला लावायची वजने सर्वांत वर आहेत, मग ट्रिगर (चाप), त्यानंतर साइट, म्हणजे नेम धरायची माशी आणि खाच, आणि ग्रिप अगदी तळाशी. ही यादी तू खालून वर वाचावीस, एवढेच खरे तर माझे म्हणणे आहे.

कायद्याची बाजू आधी उरकतो. तुझा परवाना नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाकडून येणार आणि माझा ठाण्याच्या, पण बंधने दोघांना सारखीच आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यातला फेरफार हे परवानाधारक कारागिराचेच काम आहे, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा तर वेगळा गुन्हा आहे. म्हणजे आपल्या हातात उरते ते ग्रिपचे लाकूड घासणे आणि कारखान्याने फिरवण्यासाठीच दिलेले स्क्रू फिरवणे. सुदैवाने गुण वाढतात ते नेमके एवढ्यानेच.

आता ग्रिप. पंचवीस मीटरवरच्या स्पर्धेच्या पिस्तुलात नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. माशी खाचेत केवळ एक मिलिमीटर बाजूला राहिली, तर पंचवीस मीटरवर गोळी साधारण अकरा सेंटिमीटर बाजूला जाते. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या फेरीच्या, लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्या एका मिलिमीटरने दहाचे सहा होतात. उलट सगळा हातच तेवढा हलला, पण माशी खाचेत बरोबर बसलेली असली, तर गोळीही फक्त एवढीच, एक मिलिमीटर, सरकते. म्हणून हाताच्या थरथरीपेक्षा मनगटाचा कोन महत्त्वाचा, आणि तो कोन ग्रिप ठरवते.

ती बसली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. रिकामे पिस्तूल घेऊन डोळे मिटावेत, हात नेहमीच्या उंचीवर आणावा आणि मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मधोमध आणि वरच्या कडेशी समपातळीत दिसली, तर ग्रिप तुझी झाली. ती बाजूला दिसत असेल, तर मनगट वळवून मध्ये आणणे हा उपाय नव्हे, कारण वळवलेले मनगट पाच गोळ्यांच्या सिरीजमध्ये तिसऱ्या-चौथ्या गोळीला गुपचूप आपल्या मूळ जागी परत जाते.

घासकामासाठी ग्रिप आधी पिस्तुलावरून उतरवून घे, कारण लाकडाचा भुसा यंत्रणेत गेला की तो काढता काढता नाकी नऊ येतात. तळहाताला खडूची पूड चोळून ग्रिप नेहमीसारखी धरायची. जिथे पांढरा ठसा दाट उमटतो तिथे लाकूड जास्त आहे, आणि जिथे काहीच उमटत नाही तिथे पोकळी आहे. जास्तीचे लाकूड अर्धगोल कानशीने, अगदी दोन-तीन हातांत, काढायचे आणि पुन्हा ठसा घ्यायचा. पोकळीत लांबी (लाकडाची पुट्टी) भरून ती वाळू द्यायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग जितका वर नळीच्या जवळ जाईल तितका चांगला, मात्र ट्रिगरवरचे बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकले, तर ट्रिगर दाबताना अख्खे पिस्तूल बाजूला ढकलले जाते. तळहाताखालचा आधार हाताला हलकेच भिडावा, चिमटू नये. त्या आधाराचा आणि अंगठ्याच्या टेकूचा ग्रिपशी होणारा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी नसावा, आणि मनगट मोकळे दिसावे, असा नियम आहे. तपासणीच्या टेबलावर हे कसोशीने पाहतात. पॉलिशच्या मोहात मात्र पडू नकोस. आपल्याकडच्या घामात गुळगुळीत लाकूड हातातून सुटते; जवसाच्या तेलाचा पातळ हात आणि वर खरखरीत पृष्ठभाग, एवढे पुरे.

ट्रिगरबद्दल. तुझ्या बोटाला एअर पिस्तुलाच्या ५०० ग्रॅमची सवय आहे, इथे किमान १००० ग्रॅम लागतात, म्हणून सुरुवातीला तो जड वाटणारच. हलका करण्याच्या भानगडीत पडू नकोस. दोन टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्यावर जास्त भार टाकला, तर दुसरा टप्पा काचेची काडी मोडावी तसा सुटतो आणि एकूण वजनही नियमात राहते. नळी उभी धरून ट्रिगरने वजन उचलून पाहायचे, आणि किमान मर्यादेच्या थोडे वरच ठेवायचे.

वजनांचे म्हणशील, तर पहिले वर्षभर ती डब्यातच राहू देत. पिस्तुलाच्या एकूण वजनाला १४०० ग्रॅमची मर्यादा आहे, आणि रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या फेरीत, तीन सेकंदांत हात खालून वर आणून गोळी सोडायची असते. नळीच्या टोकाला जड झालेले पिस्तूल उसळते कमी हे खरे, पण ते वर यायलाही उशीर लावते आणि आले की थांबायचे विसरते. काही जाणकारांचे मत वेगळे आहे. माझे हे आहे.

त्या पैशांतून काडतुसे घे. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. म्हणून रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसायच्या जागेवर) चाप ओढण्याआधी कंपनीच्या पुस्तिकेत ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय सरावाची, सोय पाहून घे. काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळून तिथे खळगा पडतो. एकाच कंपनीच्या काडतुसांचे दोन लॉटसुद्धा एका नळीतून सारखे बसत नाहीत. तेव्हा पिस्तूल टेकवून निरनिराळ्या लॉटच्या सिरीज मारून बघ आणि ज्याच्या गोळ्यांच्या छिद्रांचा ग्रुप लहान येईल तोच लॉट उचल. हाय व्हेलॉसिटीच्या, म्हणजे जास्त वेगाच्या, काडतुसांच्या वाटेला जाऊ नकोस. पंचवीस मीटरवर त्या वेगाचा काही फायदा नाही, उसळी मात्र वाढते.

खाडीच्या दोन्ही काठांना पावसाळा सारखाच दमट, त्यामुळे पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नकोस. फोम ओल धरतो. पुसून, तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलसह कुलूपबंद सेफमध्ये ठेव, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. जुलैत लाकूड किंचित फुगते, म्हणून शेवटचे घासकाम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत कर.

ऑर्डर देताना डाव्या हाताची ग्रिप आणि तिचे माप दोन्ही लेखी घेऊन ठेव. दोन मापांच्या मधोमध हात असेल, तर मोठे माप माग, कारण लाकूड घासून काढणे लांबी भरण्यापेक्षा केव्हाही सोपे. कानशी माझ्याकडे आहेत.

तुझा,
ठाणेकर मित्र