माझे बिल कोणत्या तुटीत धरले आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पावरील आपला ११ मार्चचा अंक मी दोनदा वाचला. पहिल्या पानावर ७,००,०२० कोटी रुपये हा आकडा मुठीएवढ्या अक्षरांत होता. ४५,८९१ कोटींची महसुली तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त होणारा चालू खर्च, शोधण्यासाठी मात्र मला वाचायचा चष्मा काढावा लागला. सत्ताधाऱ्यांच्या मते अर्थसंकल्प राज्याला पुढे नेणारा आणि विरोधकांच्या मते निराशा करणारा आहे, हे आतल्या पानावरून समजले. खिळे जुळवून छापण्याचे दिवस असते, तर प्रतिक्रियांचे ते पान तसेच बांधून ठेवून दर मार्चला काढता आले असते आणि आपल्या सहकाऱ्यांचे श्रम वाचले असते.

तुटीवर टीका करणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण त्यांनी तो आकडा शासनाने सांगितला तसाच खरा मानला आहे, याचे मला नवल वाटते. शासनाचे हिशेब रोखीने ठेवले जातात. कोषागारातून पैसे बाहेर पडतील त्या दिवशी तो खर्च. तोपर्यंत बिल मंजूर होऊन कपाटात पडले असले तरी हिशेबाच्या दृष्टीने ते जन्मालाच आलेले नसते. तूट कमी दाखवण्याचा याहून सोपा मार्ग नाही, कारण त्यासाठी कर वाढवावा लागत नाही की खर्चाला कात्री लावावी लागत नाही. ज्याचे पैसे द्यायचे त्याला फक्त पुढच्या महिन्यात यायला सांगावे लागते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये, मी सेवेत असताना, माझ्या पत्नीच्या हृदयावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. खर्च २,३८,००० रुपये आला आणि तो शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढून भागवला. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत वर गेला, दोन त्रुटी निघून खाली आला, पुन्हा वर गेला, आणि अखेर १,६४,७५० रुपये मंजूर झाल्याचे पत्र हाती पडले तेव्हा माझ्या निवृत्तीला आठवडा उरला होता. कात्री का लागली, हे मी विचारले नाही, कारण मंजुरीलाच पैसे समजण्याइतका मी तेव्हा भोळा होतो.

त्यानंतर बिल काढणाऱ्या कार्यालयाच्या किती खेपा झाल्या, याची नोंद मी ठेवलेली नाही. "गुरुजी, तुमचे बिल मंजूरच आहे, पण बीम्सवर अनुदान आलेले नाही," हे वाक्य मात्र मला पाढ्यासारखे पाठ झाले आहे. बीम्स म्हणजे शासनाची अनुदानवाटपाची संगणक प्रणाली. बोलणारा लिपिक बिचारा सज्जन आहे. मला बसायला खुर्ची देतो आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून शून्य दाखवतो. मार्च २०२४ च्या अखेरीस एकदाचे अनुदान आले. ज्येष्ठता यादीत माझा क्रमांक ६१ होता आणि पैसे ४७ जणांपुरते होते. पतसंस्थेचे व्याज मी भरतो आणि शासनाला वापरायला दिलेल्या माझ्या पैशांवर छदाम मिळत नाही. अर्थसंकल्पानुसार राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार आहे. त्यात माझे हे बिनव्याजी कर्ज धरले आहे काय, एवढेच मला विचारायचे आहे. उलट दिशेची वसुली कशी चोख होती, तेही सांगतो. माझ्या पगारातून व्यवसाय कराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये निवृत्त होईपर्यंत कापले गेले. त्या कपातीला अनुदान कधी आडवे आले नाही.

अर्थमंत्र्यांचा हा अकरावा अर्थसंकल्प आहे, तेव्हा त्यांना गणित शिकवण्याचा आगाऊपणा मी करू नये. पण चौथीच्या वर्गाला घालावे असे एक उदाहरण त्यांच्याच भाषणात आहे. लाडकी बहीण योजनेच्या सुमारे २ कोटी ५३ लाख लाभार्थी आहेत, प्रत्येकीला महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये, आणि तरतूद आहे ३६,००० कोटींची. भागाकार केला की उत्तर बरोबर २ कोटी येते. काहींना कमी रक्कम मिळते असे धरले तरी उरलेल्या बहिणी एक तर नावडत्या होणार किंवा वर्षाच्या मध्ये जादा खर्च मंजूर करून घेण्याच्या, म्हणजे पुरवणी मागण्यांच्या, दाराने आत येणार. योजनेला माझा विरोध नाही. माझ्या कित्येक जुन्या विद्यार्थिनींच्या हाती तिच्यामुळे स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदा आला, हे मी पाहिले आहे. विरोधकांचेही मला कौतुक वाटते. तूट वाढली म्हणून खेद आणि निवडणुकीत कबूल केलेले महिना २,१०० रुपये दिले नाहीत म्हणून संताप, ही दोन्ही दुःखे ते एकाच पत्रकात बसवतात. २,१०० दिले असते तर याच यादीचा खर्च ६३ हजार कोटींवर गेला असता.

अंदाज म्हणजे अंदाज, तो चुकणारच, असे कोणी म्हणेल. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २०२४-२५ ची महसुली तूट ९,७३४ कोटी होती, चार महिन्यांनी जूनमध्ये त्याच वर्षासाठी ती २०,०५१ कोटी झाली, आणि आता पुढील वर्षाची सुरुवातच ४५,८९१ कोटींपासून आहे. महसुली तूट संपवून शिल्लक दाखवावी, या हेतूने राज्याने २००५ मध्ये कायदा केला होता. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायची एकूण तूट, स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत असल्याचा दिलासा अर्थमंत्री देतात, तो आकडा म्हणून खरा आहे. पण क्रमांक ४८ पासून पुढच्या सर्वांना थांबवून ठेवल्यावर कोणतीही टक्केवारी आत राहील.

जाता जाता आपल्याविषयीही एक तक्रार नोंदवतो. याच विषयावर गेल्या एप्रिलमध्ये पाठवलेले माझे पत्र आपण छापले नाही. जागेची अडचण असेल, हे मी समजू शकतो, कारण त्या आठवड्यात आपल्याकडे पानभर जाहिराती होत्या. आपल्या प्रतिनिधीने अर्थसंकल्पाच्या दिवशी मंत्र्यांना प्रतिक्रिया विचारण्याऐवजी एखाद्या तालुक्याच्या कार्यालयात जाऊन मंजूर पण न दिलेल्या बिलांची यादी मागितली, तर मला पत्र लिहिण्याची गरज उरणार नाही.

३१ मार्चला एकोणीस दिवस राहिले आहेत. यंदा अनुदान येण्याची शक्यता आहे, असा निरोप काल आला. सोबत रद्द केलेला धनादेश पुन्हा मागवला आहे. मी देत असलेला हा तिसरा.

आपला,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे.)
१२ मार्च २०२५