‘अ साँग फॉर यू’ : गुळगुळीत म्हणण्याआधी ती गिटार ऐका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत सत्तरच्या दशकातील सॉफ्ट रॉकवर आलेल्या लेखात कार्पेंटर्स या कॅरेन आणि रिचर्ड कार्पेंटर बहीण-भावाच्या जोडीचा ‘अ साँग फॉर यू’ (१९७२) हा अल्बम ‘गोडगोड आणि गुळगुळीत’ म्हणून एका वाक्यात निकालात काढला आहे. गोड तो आहेच. पण याच अल्बममधल्या एका गाण्यावर जोडीच्या चाहत्यांनी संतापाची पत्रे लिहिली होती, आणि तीही गाणे फार कर्कश झाले म्हणून!

ते गाणे ‘गुडबाय टू लव्ह’. चाल रिचर्ड कार्पेंटरची, शब्द जॉन बेटिस यांचे. या संथ विरहगीतात फझ गिटारचा (फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारे उपकरण) सोलो घालायचे रिचर्डने ठरवले आणि टोनी पेलुसो या तरुण वादकाला बोलावले. त्याने आधी काहीतरी मवाळ वाजवून पाहिले, ते रिचर्डला नको होते. सुरुवातीला मूळ चाल धरायची आणि मग मोकळे सुटायचे, असे ठरले. अँप्लिफायरसमोर माइक ठेवण्याऐवजी फझमधून निघालेली वायर थेट मिक्सिंग कन्सोलला, म्हणजे स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला, जोडली. फझमध्ये सिग्नल इतका चढवतात की लहरींचे माथे सपाट कापले जातात. त्यामुळे स्वराला जादा उपस्वर चिकटतात आणि तो लांबतो. एरवी अँपचा स्पीकर वरची धार थोडी बोथट करतो. इथे तो मध्ये नाहीच, म्हणून आवाज करवतीसारखा लागतो. सोलो दोनदा आहे, आणि शेवटचा कोरसच्या ‘आ’कारावर चढत जातो. ‘पॉवर बॅलड’चा, म्हणजे संथ सुरू होऊन रॉक गिटारने चढत जाणाऱ्या गीताचा, जन्म इथेच झाला असे सांगणारे बरेच आहेत. मला ते जरा जास्तच वाटते, पण नंतर असंख्य बँडनी हीच वाट धरली हे खरे. रोष पत्करूनही गाणे अमेरिकेत ७ व्या क्रमांकापर्यंत गेले.

आता त्या ‘गुळगुळीत’ कोरसविषयी. तिथे गायकांचा ताफा नाही. कॅरेन आणि रिचर्ड, दोघेच. एकाच वेळी ऐकू येणारे चार वेगवेगळे स्वर, प्रत्येक स्वर पुन्हा पुन्हा गाऊन तिप्पट केलेला, म्हणजे बारा आवाज. सोळा ट्रॅकच्या, म्हणजे वेगवेगळे आवाज भरायच्या सोळा पट्ट्यांच्या, टेपवर बारा ट्रॅक कोरसला दिले तर वाद्ये कुठे ठेवणार? म्हणून काही आवाज भरले की ते एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या ट्रॅकवर पुढचे गायचे. एकदा उतरवले की त्यातला एखादाच आवाज मागेपुढे करता येत नाही, शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते. शब्दाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ एका फेरीत किंचित उशिरा पडला तरी एकाच्या जागी तीन ‘स’ ऐकू येतात. आवाजातला कंप प्रत्येक फेरीत वेगवेगळा पडला तर कोरस गढूळ होतो. ऐकताना यातले काही जाणवत नाही, त्यामागे ही मेहनत आहे.

लेखात एक तपशीलही चुकला आहे. ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ हे १९७२ चे हिट गाणे नव्हे. अमेरिकेत ते आधी नुसते अल्बममधले गाणे होते. गायिका लिन अँडरसनने ते गाऊन अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या लोकप्रियता यादीत २ रा क्रमांक मिळवल्यावर कार्पेंटर्सनी १९७३ मध्ये स्वतःचे सिंगल (एकट्या गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड) काढले आणि डिसेंबरात ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्यासाठी कॅरेनने मुख्य गायन नव्याने केले होते, त्यामुळे अल्बममधले आणि सिंगलमधले गाणे एक नाही. शिवाय रिचर्डने पुढे बऱ्याच गाण्यांचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकच्या आवाजांचा मेळ, पुन्हा केले. संकलनाच्या सीडीवरून किंवा ऑनलाइन यादीतून ऐकणाऱ्याच्या कानावर १९७२ चा आवाज पडेलच असे नाही. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रियता यादीत ४ थ्या क्रमांकापर्यंत गेलेल्या मूळ अल्बमवर मत द्यायचे तर आधी हातातली आवृत्ती कोणती, ते पाहावे.

आपला,
एक वाचक