टर्बोला हात लावू न देणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

जुनी टर्बो डिझेल गाडी चढाला दम टाकू लागली की जो तो टर्बोकडे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, बोट दाखवतो. तुम्ही आधी विचारलंत, "धूर कसला येतोय?" हे जाहीर आभार त्या प्रश्नाचे.

काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय: चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज, उघडा अडकलेला ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). इथे पूर्ण रेस देऊनही धूर जवळपास नव्हता, म्हणजे डिझेलच पुरेसं जात नव्हतं. इंजिनात हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळीत टी आकाराचा जोड टाकून गेज लावला, तर बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, 0.3 बार; असायला हवा होता 0.7 च्या आसपास. नेमकं इथेच फसायला होतं. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. डिझेल कमी जळलं की तो जोर घटतो आणि धडधाकट टर्बोही कमी बूस्ट देतो.

डिझेल फिल्टरनंतर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे नाहीत, म्हणजे डिझेलमध्ये हवा शिरत नाही, हे तुम्ही पाहायला लावलंत. उरला मेकॅनिकल डिझेल पंपावरचा बूस्ट डायाफ्राम, म्हणजे रबरी पडदा. मॅनिफोल्डचा दाब नळीतून त्याच्यावर येतो, डायाफ्राम पिन खाली ढकलतो, तेव्हा कुठे पंप जास्तीचं डिझेल सोडतो. नळीच्या टोकाचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) काढला तर त्याचं भोक तेल-काजळीच्या लगद्यानं ठार बुजलेलं. बारीक तार आणि डिझेल, एवढ्यावर मोकळं झालं. मग गेज असलेल्या हवेच्या हातपंपानं डायाफ्रामला 0.5 बार दाब दिला; गेजचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे रबर शाबूत.

तो काटा पडला असता तर झाकण उघडावं लागलं असतं. त्यासाठीची तुमची ताकीद सगळ्यांनी लिहून ठेवावी अशी: डायाफ्राम उचलण्याआधी त्यावर आणि पंपाच्या बॉडीवर समोरासमोर खूण करा. पिनचा निमुळता शंकू एका बाजूला सरकवून घासलेला असतो. डायाफ्राम फिरून बसला की डिझेलचं माप बदलतं.

आणि पंपाचा फुल लोड स्क्रू (पूर्ण रेसला किती डिझेल जाईल ते ठरवणारा) पिळायचा मोह तुम्ही मोडलात तेही बरं. पिकअप आल्यासारखं वाटलं असतं, पण बोल्ट बुजलेलाच राहिला असता. पुढे कुणी तो साफ केला की जादा डिझेल, काळा धूर आणि तापलेले पिस्टन.

आता बूस्ट 0.7 ला टेकतोय. टर्बोचा एक नटही ढिला केलेला नाही.

कळावे, लोभ असावा.