पत्रिका वाटून झाल्यावर दालन काढून घेतलंत: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

परवा मंगळवारी दुपारी मी मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर कलादालनाच्या पायरीवर डबा खात बसले होते. पिशवीतल्या माझ्या चित्रप्रदर्शनाच्या दोनशे निमंत्रणपत्रिकांपैकी सत्तरेक वाटून झाल्या होत्या. तेवढ्यात फोन आला. येत्या सोमवारपासून आठवडाभरासाठी मला लेखी मंजूर झालेलं सरकारी इमारतीतलं दालन आता मिळणार नाही. तिथे वरून आलेला कार्यक्रम ठेवलाय. अनामत रक्कम परत हवी तर अर्ज करा, म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी बदलापूरला राहते, चित्रकलेच्या शिकवण्या घेते. मंगळवार मुद्दाम निवडला होता, कारण जहांगीरला नवी प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि चित्रकार स्वतः हजर असतात. आधी त्यांची चित्रं नीट बघायची, वहीत अभिप्राय लिहायचा, मग आपली पत्रिका पुढे करायची, ही आमच्यातली रीत. खाजगी गॅलऱ्यांचं काचेचं दार ढकलायलाच मला धीर गोळा करावा लागतो. एका ठिकाणी पत्रिका टेबलावर ठेवू दिल्या, दुसरीकडे ईमेल करा म्हणाले. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्या एकाने मात्र हात पुसून पत्रिका घेतली, कागद बोटांत चाचपला आणि म्हणाला, "ताई, छपाई छान झालीय. नक्की येतो."

त्याला मी आता काय सांगू?

अठरा जलरंगचित्रं आहेत, दीड वर्षाचं काम. माउंट, काच, फ्रेमा यांचे ३४ हजार झाले. टेम्पो परवडत नाही, म्हणून फ्रेमा दोन-दोन करून लोकलच्या मालडब्यातून, मासळीच्या पाट्यांशेजारी धरून नेणार होते. हे सगळं त्या फोनवरच्या माणसाच्या दृष्टीने 'तारीख बदलली' एवढंच होतं.

साहेब, जहांगीरला तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ते दालन १९५२ साली उघडलं, तेही सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. जे.जे. कला महाविद्यालय तर १८५७ सालचं. तेव्हापासून चित्रकार घडताहेत, पण त्यांनी चित्रं लावायची कुठे? कलाशिक्षण उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे, सांस्कृतिक कार्य तुमच्याकडे. गाऱ्हाणं घेऊन गेलं की हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतं. गावोगावी नाट्यगृहं बांधता, ती हवीतच. पण त्याच इमारतीत चित्रांसाठी एक सलग भिंत आणि चार दिवे ठेवावेत, हे कुणाला का सुचत नाही? प्रेक्षक मध्यंतरात चहा घेताना तरी चित्रं बघतील.

लेखी दिलेली तारीख मोडायची नाही, असा आदेश काढा. मोडलीच, तर छपाईचा खर्च चित्रकाराला अर्ज न करता मिळाला पाहिजे. आणि मला माझे सात दिवस परत द्या.

सोमवारी सकाळी अकरापासून मी त्या दालनाच्या दाराशी उभी राहणार आहे. सत्तर जणांच्या हातात पत्रिका आहे आणि बहुतेकांचे फोन नंबर माझ्याकडे नाहीत. कुणी आलंच, तर त्यांना दाखवायला चारेक चित्रं फ्रेमशिवाय पिशवीत घेऊन येईन.

आपली,
एक चित्रकार, बदलापूर