शेऱ्याचा रकाना गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूगर्भ, पाणी आणि जीवसृष्टी यांच्या जुन्या वैज्ञानिक नोंदी संगणकावर चढवण्याच्या कामावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. कामाचं कौतुक केलंत ते योग्यच. पण लेखाशेजारी नमुन्याचा तक्ता छापला होता, त्यात ठिकाण, तारीख आणि आकडा असे तीनच रकाने दिसले, आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या नोंदवहीत चौथा रकाना असायचा. सगळ्यात उजवीकडे, सगळ्यात रुंद, आणि वर लिहिलेलं असायचं ‘शेरा’. तो कुठे गेला, एवढंच विचारायला हे पत्र.

मी संशोधक नाही. संशोधकांना आकडे आणून देणारी माणसं असतात, त्यांतली एक. 31 वर्षं निरीक्षण विहिरींची पातळी मोजली. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोलादी फितीच्या खालच्या मीटरभर भागाला निळा खडू चोळायचा. फीत सावकाश विहिरीत सोडायची. कठड्यावर रंगाने केलेली खूण असते, तिच्याशी फितीवरचा पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, समजा 14. मग फीत वर ओढायची. जिथपर्यंत खडू भिजून गडद झाला तिथला आकडा वाचायचा, समजा 83 सेंटिमीटर. वजाबाकी केली की पाणी खुणेपासून 13.17 मीटर खाली. फीत पुसून, पुन्हा खडू लावून, पुन्हा एकदा. दोन्ही वेळचं उत्तर सेंटिमीटरभरात जुळलं तर लिहायचं, नाहीतर तिसऱ्यांदा. याला दहा मिनिटं लागतात. शेरा लिहायला आणखी दोन. त्या दोन मिनिटांचं मोल मला नोकरीत असताना कळलं नाही, निवृत्त झाल्यावर कळलं.

दोन वर्षांपूर्वी एका तरुण संशोधकाचा फोन आला. आमच्या जुन्या नोंदी त्यांना टाइप केलेल्या स्वरूपात मिळाल्या होत्या. आवाजात चांगलीच उत्तेजना होती. “मॅडम, तुमच्या एका विहिरीत पाणी एका तिमाहीत 62 सेंटिमीटर खाली गेलंय आणि नंतर कधीच वर आलेलं नाही. त्या सुमारास भूकंप वगैरे काही झाला होता का?” प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता. 1964 च्या अलास्कातल्या मोठ्या भूकंपाने हजारो किलोमीटर दूरच्या विहिरींतलं पाणी हललं होतं, आणि काही ठिकाणी धक्क्यानंतर पातळी कायमची बदलते हेही माहीत आहे. मी म्हटलं, उद्या सांगते. माझ्याकडे खिशातल्या छोट्या वह्या शिल्लक आहेत. त्यांत कच्ची नोंद करायची आणि मग कार्यालयातल्या मोठ्या वहीत उतरवायची, अशी आमची रीत होती. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: ‘कठडा वाढवला. जुनी खूण दगडांखाली गेली. नवी खूण 62 से.मी. वर.’

पाणी उतरलंच नव्हतं. कठडा चढला होता.

मोठ्या वहीतही हा शेरा मी नक्की उतरवला होता. टाइप करणाऱ्याने तो गाळला, कारण त्याच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. आणि तक्ता झाल्यावर मूळ वह्या रद्दीत गेल्या. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या माणसांनी जागा मोकळी करायचा आदेश पाळला, एवढाच त्यांचा गुन्हा.

पुढे त्याच फाइलमध्ये आणखी गंमत निघाली. उन्हाळ्यात एक विहीर आटायची. तेव्हा आम्ही आकड्याच्या रकान्यात आडवी रेघ मारून शेऱ्यात ‘कोरडी’ असं लिहायचो. दुसऱ्या एका विहिरीच्या झाकणाचं कुलूप गंजून बसलं होतं, तिथेही रेघच, आणि शेरा ‘कुलूप उघडलं नाही’. संगणकाला रेघ चालेना, म्हणून दोन्हीकडे शून्य भरलं गेलं. आता आमच्या मोजणीत शून्य खोली म्हणजे पाणी थेट खुणेपर्यंत, काठोकाठ. ऐन उन्हाळ्यात आटलेली विहीर तक्त्यात तुडुंब भरली! ‘मोजलं नाही’ आणि ‘मोजलं, पण पाणी नव्हतं’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेऱ्याशिवाय कोण सांगणार?

ही आमच्यासारख्या लहान माणसांची लहान चूक, असं कुणाला वाटेल. म्हणून एक मोठी सांगते. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या जगभरच्या नोंदीत 1945 मध्ये अचानक सुमारे 0.3 अंश सेल्सियसची घसरण दिसत होती. ती खरी आहे असं धरून चाललेलं होतं. 2008 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात शास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवलं की त्या घसरणीचा मोठा भाग समुद्राचा नव्हताच, मोजण्याच्या पद्धतीचा होता. युद्धकाळातल्या नोंदींत अमेरिकी जहाजांचा भरणा होता, आणि ती इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान घेत. इंजिनखोलीच्या उबेने ते थोडं जास्त भरतं. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचं प्रमाण एकदम वाढलं, आणि त्यांच्याकडे बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढायची पद्धत. बादली वर येईपर्यंत वाऱ्याने पाणी थोडं निवतं. समुद्र होता तसाच होता. बादली की इंजिन, हा एक शब्दाचा शेरा प्रत्येक नोंदीबरोबर शाबूत राहिला असता तर ही उकल इतकी लांबली नसती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा कठडा आठवला आणि, खोटं कशाला सांगू, जरा बरं वाटलं.

शेरा जपल्याने काय साधतं याचं उत्तम उदाहरण उंदरांचं आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात 1908 मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांचं संग्रहालय सुरू झालं. त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल हे टिपणांच्या बाबतीत भलते काटेकोर होते. 1914 ते 1920 या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी योसेमिटीच्या डोंगररांगेत लहान सस्तन प्राण्यांची पाहणी केली. कुठला प्राणी सापडला हे तर लिहिलंच, पण त्या रात्री सापळे किती लावले, झाडोरा कसा होता, उंची किती, हवा कशी होती, हेही लिहिलं. 1910 मध्येच त्यांनी म्हणून ठेवलं होतं की या नोंदींचं खरं मोल कळायला बरीच वर्षं, कदाचित शतकही जाईल. आणि झालंही तसंच. सुमारे नव्वद वर्षांनी संशोधक त्याच जागी परत गेले. जुन्या वह्यांत सापळ्यांचा हिशोब असल्यामुळे, एखादा प्राणी तेव्हा खरोखर तिथे नव्हता की होता पण हाती लागला नाही, याचा अंदाज बांधता आला. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अभ्यासलेल्या 28 जातींपैकी जवळजवळ निम्म्या जातींची वस्ती वर सरकली होती, सरासरी सुमारे 500 मीटर. नुसती ‘ठिकाण, तारीख, प्राणी’ अशी यादी असती तर हे म्हणायची कुणाची छाती झाली नसती. रिकामा सापळासुद्धा नोंद असतो.

जपानच्या सुवा तलावावर बर्फ कधी धरलं याची नोंद तिथल्या मंदिराच्या पुजाऱ्यांनी 1443 पासून ठेवली आहे. हवामानाच्या अभ्यासात आज तिला फार मान आहे. पण जपानने आपली आजची दिनदर्शिका 1873 मध्ये स्वीकारली. त्याआधीच्या तिथी जुन्या पंचांगाच्या, चंद्राच्या चालीवरच्या. कुठल्या पंचांगाची तिथी आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्या नोंदींवरून बर्फ लवकर धरलं की उशिरा, हे सांगताच येत नाही.

भूगर्भाकडे वळायचं तर विंधणविहिरीच्या नोंदी पाहा. यंत्र चालवणारा माणूस भूवैज्ञानिक नसतो, पण खडकाशी पहिली भेट त्याचीच होते. ‘अमुक खोलीला मुरूम संपला, कठीण काळा खडक लागला’ एवढं तर सगळेच लिहितात. चांगला माणूस पुढे लिहितो: ‘इथे दांडा एकदम हातभर खाली गेला’, किंवा ‘सोडलेलं पाणी वर येईना’. पहिल्याचा अर्थ बहुधा खाली पोकळी आहे. दुसऱ्याचा अर्थ पाण्याला पळायला फट सापडली, आणि जी फट पाणी गिळते तीच पुढे पाणी देऊही शकते. तक्त्यात मात्र ‘खडक : कठीण’ एवढंच उतरतं.

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर एकांगी होईल. शेरे वाचणं हा ताप आहे. अक्षर वाईट, शाई पसरलेली, शब्द ज्याचे त्याचे. ‘शेजारचा पंप चालू’ हा शेरा उपयोगी, कारण त्या दिवशीची पातळी विहिरीची स्वतःची नव्हे, पंपाने ओढलेली. पण ‘मधमाश्या’ या शेऱ्याचं काय करणार? (मोजणी एकदाच केली, दुसऱ्यांदा थांबले नाही, असा त्याचा अर्थ. मलाच विचारा.) आणि माझ्या आधीच्या निरीक्षकांनी एका विहिरीपुढे तीनदा ‘आगगाडी’ असं लिहिलं होतं. आम्ही नवे लोक त्यावर हसायचो. पुढे एका अभियंत्याने सांगितलं की 1939 मध्ये अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर यावर चक्क शोधनिबंध झाला आहे. रुळांवरून गाडी गेली की तिच्या भाराने जमिनीखालचा, दाबाखाली पाणी धरून असलेला थर दबतो आणि जवळच्या विहिरीतली पातळी क्षणभर वर येते. हसणं बंद झालं.

शेऱ्यातलं स्पष्टीकरण चुकीचं असू शकतं, पण पाहिलेलं खरं असतं. आजच्या स्लोव्हेनियात अतिवृष्टीनंतर चुनखडीच्या गुहांमधून फिकट गुलाबी, लांबट, पाण्यातले जीव वाहून बाहेर येत. लोक त्यांना अजगरासारख्या राक्षसी प्राण्याची, ड्रॅगनची पिल्लं समजत. 1689 मध्ये वाल्वासोर या विद्वानाने ही समजूत लिहून ठेवली. त्याचा स्वतःचा तिच्यावर विश्वास नव्हता. 1768 मध्ये त्या जीवाचं शास्त्रीय वर्णन झालं: गुहांतल्या पाण्यात राहणारा, दृष्टी हरवलेला उभयचर. ड्रॅगन खोटा निघाला, पण मोठ्या पावसानंतर जमिनीखालून जिवंत काहीतरी बाहेर येतं, हे निरीक्षण पक्कं होतं.

हे सांगायला माझ्यापाशी कारण आहे. माझ्या खिशातल्या वहीत दोन ठिकाणी लिहिलंय: ‘फितीला पांढरा किडा, कोळंबीसारखा, नखाएवढा, डोळे दिसले नाहीत.’ तेव्हा मी तो झटकून टाकला आणि फीत पुसली. भूजलात, खडकांच्या फटींत, कायम अंधारात राहणारे असे आंधळे कवचधारी जीव असतात, त्यांचा अभ्यास करणारे लोक असतात, आणि त्यांना अशा नोंदी हव्या असतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं. पाण्याच्या पातळीची वही जीवशास्त्राच्या उपयोगी पडेल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणूनच कुठला शेरा कामाचा आणि कुठला बिनकामाचा, हे टाइप करणाऱ्याने ठरवू नये. मी तर ठरवू शकले नसतेच.

तेव्हा हे काम करणाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रातर्फे विनंती. आकडे टाइप करा, पण पानाचं छायाचित्रही घ्या आणि ते त्या आकड्याला जोडून ठेवा. शेरा आज वाचता आला नाही तरी उद्या कुणीतरी वाचेल. शून्य आणि रिकामी जागा एक करू नका. खूण कुठे होती, कशाने मोजलं, कुणी मोजलं, हे प्रत्येक ठिकाणासाठी लिहा. छायाचित्रं नीट आली आहेत हे पाहिल्यावरही मूळ वह्या रद्दीत घालू नका. आणि ज्यांनी मोजलं त्यांतले जे हयात आहेत त्यांना फोन करा. आम्हाला वेळ भरपूर असतो, आणि कुणी विचारलं तर आवडतं.

त्या तरुण संशोधकाने नंतर मला अशा 11 विहिरींची यादी पाठवली, जिथे आकड्यांत अचानक पायरी दिसते. महिनाभर वह्या उलगडत बसले. सात ठिकाणची कारणं सापडली: तीन कठडे, दोन नव्या फिती, एक विहीर खोल केलेली, एका ठिकाणी चक्क शेजारची विहीर मोजलेली. तीन ठिकाणी काहीच लिहिलेलं नाही. तिथे कदाचित खरोखरच पाण्याचं काहीतरी झालं असेल आणि त्यांनी तेच शोधावं. उरलेल्या एका विहिरीपुढे माझ्या स्वच्छ अक्षरात शेरा आहे: ‘मागच्यासारखंच.’ मागे काय झालं होतं, ते मला आता काही केल्या आठवत नाही.

आपली,
एक निवृत्त विहीर-निरीक्षक