चोचीतला मासा आला कुठून, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात वाचकांनी पाठवलेले पक्ष्या-प्राण्यांचे फोटो येतात ते मी फार आवडीनं बघते, काही कापूनही ठेवलेत, आणि त्याबद्दलच एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय म्हणून लिहायला बसले. यातले बरेचसे फोटो खाण्याचे असतात, म्हणजे चोचीत मासा, पंजात उंदीर, नाहीतर तोंडातून पाणवनस्पती लोंबतायत असं काहीतरी, आणि खाली फक्त पक्ष्याचं नाव नि फोटो काढणाऱ्याचं नाव. तो काय खात होता, फोटो किती लांबून काढला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते खाणं त्यानं स्वतः शोधलं होतं की कुणी पुढ्यात आणून टाकलं होतं, यातलं काहीच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हेही छापा. आणि ज्याला हे सांगायचं नसेल त्याचा फोटो कितीही भारी असला तरी बाजूला ठेवा.

मला स्वतःला नुसत्या बसलेल्या पक्ष्याच्या फोटोपेक्षा खाणं शोधणाऱ्या पक्ष्याचा फोटो कितीतरी जास्त आवडतो, कारण त्याची चोच, पाय, मान, डोळे हे सगळं कशासाठी आहे ते तेव्हाच कळतं. छोटा बगळा बघा, पाय काळे पण पंजे पिवळेधमक. उथळ पाण्यात उभा राहून तो एक पाय पुढं करतो आणि पंजा चिखलात थरथरवतो, अगदी बारीक, लक्ष देऊन बघितलं तरच दिसेल इतका, मग तळाशी दडलेले छोटे मासे नि कोळंबी घाबरून हलतात आणि हललं की वरून चोच बसते. आपण फोटो छापतो तो चोच बसलेल्या क्षणाचा, पाणी उडालेलं, मासा चमकतोय, आणि ज्या पायानं सगळं काम केलं तो क्रॉपमध्ये कापलेला असतो! एखाद्यानं तो पाय दाखवणारा जरा शांत फोटो पाठवला तर प्लीज तो छापा, त्यात उडालेल्या पाण्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं आहे.

खंड्याचंही तसंच. सूर मारून मासा आणला की तो आधी फांदीवर आपटतो, मग चोचीतल्या चोचीत फिरवून डोकं आधी घशात जाईल असा धरतो, कारण उलटा गिळला तर खवले नि पर घशात अडकतात. आता फोटोत माशाचं डोकं चोचीच्या टोकाकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला असेल तर समजायचं की हा मासा त्याला स्वतःला खायचा नाहीये, जोडीदाराला नाहीतर पिल्लांना द्यायचाय. म्हणजे जवळच काठाच्या मातीत कुठंतरी बीळ असणार, आणि आपण तिथंच ठाण मांडून बसलो तर तो मासा चोचीत घेऊन नुसता या फांदीवरून त्या फांदीवर करत बसतो, बिळात शिरत नाही आणि आत पिल्लं उपाशी. असं दिसलं की एकदोन फोटो घ्यावेत आणि लगेच मागं सरकावं. पण हे ज्याला माहीतच नाही तो म्हणतो वा, कसला छान पोज देतोय, आणि अजून जवळ जातो. म्हणून मी म्हणते की फोटोखाली या दोन ओळी आल्या तर पुढच्या दहा जणांना कळेल.

आता आमिषाबद्दल, कारण मुख्य मुद्दा तोच आहे. खंड्यासाठी पाण्यात ट्रे नाहीतर काचेची टाकी ठेवायची, त्यात छोटे मासे सोडायचे, वर आपल्याला हवी तशी सुंदर फांदी रोवायची, फोकस आधीच लावून ठेवायचा आणि बसायचं. घुबडासाठी तर पाळलेला उंदीर मोकळ्या बर्फावर सोडतात, उत्तर अमेरिकेत हिमघुबडांच्या बाबतीत यावरून पक्षीप्रेमींमध्ये बरीच वर्षं वाद चाललाय. उंदराला पळायला जागा नाही, घुबड थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं पंख पसरून येतं, आणि फोटो असा येतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पण त्या घुबडाला माणूस दिसला की खाणं मिळतं एवढंच शिकवलं जातं, मग ते रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या आसपास घुटमळायला लागतं आणि गाडीखाली येण्याचा धोका वाढतो. आणि त्या सोडलेल्या उंदराचं काय, तोही जीवच आहे ना.

हे फक्त हौशी लोकांपुरतं नाहीये. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही जगातली सगळ्यात मानाची स्पर्धा, तिच्यात २०१७ साली एका गटात पहिला आलेला फोटो असाच खाण्याचा होता, ब्राझीलमध्ये रात्रीच्या अंधारात वाळवीच्या वारुळावर किड्यांच्या अळ्यांचे हिरवे दिवे चमकतायत आणि खाली मुंगीखाऊ म्हणजे जायंट अँटईटर वारूळ धुंडाळायला आलाय. एप्रिल २०१८ मध्ये म्युझियमनं तो बाद केला, कारण तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा तो प्राणी पेंढा भरून ठेवलेला असण्याची दाट शक्यता दिसली. फोटोग्राफरनं ते मान्य केलं नाही, पण बक्षीस गेलंच. त्याआधी २००९ चा स्पर्धेतला सर्वोच्च फोटो, फाटकावरून उडी मारणारा लांडगा, तोही २०१० मध्ये बाद झाला होता, लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत पडलं म्हणून. एवढ्या मोठ्या ठिकाणी, एवढ्या परीक्षकांसमोर असं होत असेल तर आपल्या पेपरनं निदान विचारावं तरी की बाबा हा फोटो कसा काढला.

पूर्वीचं ठीक होतं, कॅमेरेच तसे नव्हते असं कुणी म्हणेल. आता कॅमेरे सेकंदाला वीसतीस फोटो सहज काढतात, काही तर शटर दाबायच्या आधीच्या फ्रेमही साठवून ठेवतात, म्हणजे खंड्या फांदीवरून निसटला ते बघून बोट दाबलं तरी निसटण्याचा क्षण हातात असतो. शटर स्पीड सेकंदाचा दोन-अडीच हजारावा भाग ठेवला तर सूर मारणारा पक्षीही बऱ्यापैकी स्थिर येतो. राहिलं काय तर थांबणं, आणि पक्षी कधी कुठं खायला येतो ते शिकणं. भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवायच्या, कारण पाणी उतरायला लागलं की चिखलात चोच खुपसणारे तुतवार पाण्याच्या कडेकडेनं सरकत राहतात, आपण त्यांच्या वाटेत आधीच जाऊन आडवं पडून राहिलो तर तेच चरत चरत आपल्याकडे येतात. आपण त्यांच्यामागे गेलो की मात्र ते उडणारच. या दोन्हीतला फरक फोटोतही दिसतो, पहिल्यात पक्ष्याची मान खाली असते आणि दुसऱ्यात ताठ वर.

आणि ही ताठ मानेची गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. पक्षी उडाला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही असं नसतं. चरणं थांबवून तो आपल्याकडे बघत राहिला तेवढा वेळ त्याचं खाणं बुडालं, आणि लांबचा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांना थोड्या दिवसांत भरपूर चरबी साठवावी लागते, रेड नॉट हा पक्षी उत्तरेकडे जाताना अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरावर उतरून नालखुर खेकड्यांची (हॉर्सशू क्रॅबची) अंडी खातो आणि काही आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करतो. तिथं प्रत्येक जण दोनच मिनिटांसाठी जवळ गेला तर दिवसभराचा हिशोब काय होईल?

चित्त्याचं तर आकड्यांतच दिसलंय. केनियातल्या मसाई मारामध्ये झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जिथं पर्यटक कमी तिथं मादीची एका वेतातली सरासरी २.३२ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली आणि जिथं पर्यटकांची गर्दी तिथं फक्त ०.२१. गाड्यांमुळे शिकार हुकणं, मारलेली शिकार सोडून जावं लागणं ही त्यामागची शक्य कारणं अभ्यासकांनी मांडलीत. चित्ता शिकार केल्यावर धापा टाकत असतो, लगेच खाऊही शकत नाही, त्यात गाड्यांचा घोळका आणि आवाज बघून तरस नाहीतर सिंह आला तर लढण्याची ताकद त्याच्यात नसते, शिकार टाकून निघून जातो. ज्या फोटोत चित्त्याच्या मागं गाड्यांची रांग दिसते तो मला बघवत नाही.

अस्वलांचं उदाहरण जुनं आहे पण सांगते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पूर्वी अस्वलं रस्त्यावर गाड्यांपाशी यायची, लोक खायला द्यायचे आणि फोटो काढायचे, कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवरही त्यांना चरू दिलं जायचं. १९३१ ते १९६९ या काळात तिथं वर्षाला सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी झाली. १९७० पासून कडक नियम आले, खायला घालणं बंद केलं. आता अस्वल नि लांडग्यापासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर लांब राहायचा तिथं नियम आहे, आणि तरीही मुळं खणणाऱ्या, बेरी ओरबाडणाऱ्या अस्वलांचे उत्तमोत्तम फोटो येतातच की.

घरासमोर दाणे-पाणी ठेवून चिमण्यांचे फोटो काढणाऱ्यांना मी या यादीत धरत नाही, ते वेगळं आहे, फक्त खाली तसं लिहा म्हणजे झालं.

चांगलं काय होऊ शकतं तेही सांगते. ब्रिटनच्या आरएसपीबी या पक्षीसंस्थेनं २०१७ मध्ये लोकांना सांगितलं की पफिन या समुद्रपक्ष्याचे चोचीत मासे असलेले फोटो आम्हाला पाठवा, आणि हजाराहून जास्त फोटो आले. एका चोचीत किती मासे, कुठल्या जातीचे, केवढे, हे फोटोवरून मोजता येतं आणि पिल्लांना कुठं चांगलं खाणं मिळतंय, कुठं नाही ते कळतं. हौशी माणसांच्या फोटोचा असा उपयोग! पण त्यांनी जोडीला हेही बजावलं होतं की पफिनला अडवू नका, झटपट फोटो घ्या आणि बाजूला व्हा, कारण मासे घेऊन बाहेर ताटकळत राहिला तर ते पिल्लांपर्यंत पोचत नाहीत.

तर आपण फोटो मागवताना एवढं विचारा: काय खात होता, कुठल्या महिन्यात नि दिवसाच्या कुठल्या वेळी, अंदाजे किती अंतरावरून, आमिष किंवा दाणे ठेवले होते का, प्राणी रानातला होता की बंदिस्त. आणि पिल्लांसाठी खाणं नेणाऱ्या पक्ष्याचा फोटो असेल तर जागेचं नाव छापू नका, तालुका-जिल्हासुद्धा नको, कारण दुसऱ्या दिवशी तिथं कॅमेरे घेऊन गर्दी होते. मूळ फाइल मागवून ठेवलीत तर उत्तमच, शंका आली तर तपासता येईल. एखाद्या आठवड्यात यात बसणारा एकही फोटो आला नाही तर ती जागा त्याच पानावरच्या मजकुराला द्या, आमची वाचकांची काही तक्रार नसेल.

आपली,
एक नियमित वाचक