नकाशा रंगवताना क्षेत्रफळ राहून गेले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला 'माळव्याची लोकसंख्या' हा अर्ध्या पानाचा रंगीत नकाशा पाहिला. शेजारच्या लेखातले 'भूगोलात एम. ए. म्हणजे नकाशे पाठ करणे' हे वाक्यही वाचले. वाक्य मनाला लागले, पण जास्त राग आला तो नकाशाचा. पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकलला कुणी असा नकाशा दिला, तर तो सही न करता परत करावा लागतो.

आपण इंदूर संभागातल्या (म्हणजे इथल्या कमिशनरच्या कार्यक्षेत्रातल्या) आठ जिल्ह्यांना एकूण लोकसंख्येप्रमाणे फिकट-गडद रंग दिलेत. अशा फिकट-गडद छटांच्या नकाशाला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात (इथल्या कॉलेजांत हिंदीत वर्णमात्री म्हणतात तोच), आणि त्यात एकूण आकडा रंगवायचा नसतो. रंग पसरतो जमिनीवर. जिल्हा थोरला असला की रंग जास्त दिसतो आणि वाचकाला वाटते, तिथे दाटी जास्त. २०११ च्या जनगणनेत खरगोनची लोकसंख्या १८.७३ लाख, झाबुआची १०.२५ लाख. म्हणून आपल्या नकाशात खरगोन गडद आणि झाबुआ जवळजवळ पांढरा. आता क्षेत्रफळ घ्या: खरगोन ८,०३० चौ. किमी, झाबुआ साधारण ३,६००. भागाकार केला की खरगोनला दर चौ. किमी २३३ माणसे येतात आणि झाबुआला २८५. एकूण लोकसंख्येत सहावा असलेला झाबुआ घनतेत इंदूरच्या खालोखाल दुसरा आहे, धारच्याही (२६८) पुढे. आणि ही दाटी उंचसखल भागात, उथळ मातीवर. तिथली भिल कुटुंबे शेतीचा हंगाम सरला की मजुरीला गुजरातेत का जातात, हे समजून घ्यायची सुरुवात या आकड्यापासून होते. मानवी भूगोल शिकवतो ते हेच, आणि आपल्या नकाशाने नेमके तेच पुसून टाकले.

घनता काढली म्हणून नकाशा बरोबर येतोच असे नाही. खरी परीक्षा वर्गांतराची, म्हणजे एका रंगात कुठून कुठपर्यंतचे आकडे घ्यायचे याची. संभागातले आकडे असे: इंदूर ८४१, झाबुआ २८५, धार २६८, बडवानी २५५, खरगोन २३३, अलिराजपूर २२९, बुऱ्हाणपूर २२१, खंडवा १७८. यांचे पाच समान वर्ग पाडले तर प्रत्येक वर्ग सुमारे १३३ चा होतो. पहिल्याच वर्गात सात जिल्हे जातात, मधले तीन वर्ग रिकामे राहतात आणि शेवटच्यात एकटे इंदूर. दोन-दोन जिल्ह्यांचे चार वर्ग केले तर २८५ चा झाबुआ आणि ८४१ चे इंदूर एकाच रंगात. म्हणून आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, खंड कुठे पडतो ते पाहायचे आणि तिथे वर्ग तोडायचा: १७८ वेगळा, २२१ ते २३३ एक, २५५ ते २८५ एक, इंदूर वेगळे. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या संगणक-प्रणालीत यातली कुठलीही पद्धत एका क्लिकवर मिळते. कोणती घ्यायची ते आकडे वाचूनच ठरवावे लागते.

एकूण लोकसंख्याच दाखवायची होती तर प्रमाणबद्ध वर्तुळे, म्हणजे आकड्याप्रमाणे लहान-मोठी वर्तुळे, काढायची. त्यात त्रिज्या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरतात. इंदूरची लोकसंख्या (३२.७७ लाख) बुऱ्हाणपूरच्या (७.५८ लाख) ४.३ पट आहे, म्हणून त्रिज्या साधारण २.१ पट हवी. त्रिज्याच ४.३ पट काढली तर वर्तुळ १८ पटींहून मोठे होते. पेपरांतल्या चित्रांत ही चूक नेहमी दिसते.

आणखी एक. नकाशावर आकडे कोणत्या सालचे, ते कुठेही छापलेले नाही. अलिराजपूर २००८ मध्ये झाबुआतून वेगळा झाला. पुढच्या भागात २००१ शी तुलना करणार असाल, तर दोन्ही जिल्हे आधी एकत्र करा. नाहीतर दहा वर्षांत झाबुआची लोकसंख्या घटली असे छापून बसाल. संगणकावर आकडे नकाशाला जोडताना जिल्ह्याच्या नावावरही विसंबू नका. जनगणनेच्या तक्त्यात खरगोन आणि खंडवा यांच्यापुढे कंसात पश्चिम निमाड, पूर्व निमाड असते, त्यामुळे जोडणी होत नाही आणि ते दोन जिल्हे कोरे राहतात. जनगणनेच्या जिल्हा-कोडवरच जोडा.

आणि हा माळवा कसा? खरगोन, बडवानी, खंडवा, बुऱ्हाणपूर हे निमाड. जाम घाट उतरून विंध्याच्या खाली गेले की माळव्याचे पठार संपते, नर्मदेचे खोरे लागते. धार तर दोन्हीकडे आहे: धार शहर पठारावर, मनावर आणि कुक्षी खाली. उज्जैन, देवास, रतलाम हे अस्सल माळव्यातले जिल्हे मात्र आपल्या नकाशात नाहीत, कारण त्यांचा संभाग वेगळा. कमिशनरच्या कार्यक्षेत्राला प्रदेशाचे नाव देता येत नाही. येत्या रविवारी नकाशा घनतेवर, सालासकट आणि 'इंदूर संभाग' या नावाने पुन्हा छापावा, ही विनंती.

आपला,
भूगोलाचा एक प्राध्यापक
रामबाग, इंदूर